दुष्काळात तगलेली झाडे पाऊस आल्यावर का वाळतात?

बालाघाट (केज, जि. बीड)
८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सर्वांना नमस्कार. आमच्या शेतात विहिरीपासून ओढ्यापर्यंत बांधाने गावरान आंब्याची अकरा झाडे होती. बहुतेक झाडे १९७२च्या दुष्काळानंतर आजोबांनी कोय लावून वाढवलेली. २०१२चे कोरडे वर्ष त्यांनी काढले. पुढे २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे लागोपाठ पावसाविना गेली. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. माणसांना आणि जनावरांनाच टँकरचे पाणी पुरत नव्हते, तिथे झाडांना कोठून देणार? निम्मी पाने गळाली, शेंडे वाळले, पण अकराही झाडे जिवंत राहिली. त्या वर्षी पावसाळा चांगला झाला तेव्हा माझ्या वडिलांनी प्रत्येक बुंध्याला हात लावून पाहिला होता, हे मला आजही आठवते.

त्यानंतर मात्र एकेक झाड जाऊ लागले. २०१७ ते २०१९ या काळात दोन गेली आणि २०२० ते २०२२ या भरपूर पावसाच्या तीन वर्षांत आणखी चार. आज पाच उभी आहेत आणि त्यांतल्या एकाचा पूर्वेकडचा मोठा फाटा या हिवाळ्यात वाळू लागला आहे. ज्या झाडांनी पाण्याविना दोन वर्षे काढली, ती पाणी मिळाल्यावर का मरावीत? गावातील जाणती माणसे 'आयुष्य संपले' असे म्हणतात, पण पन्नास वर्षे हे गावरान आंब्याचे आयुष्य नव्हे. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यांनी आणि बाग सांभाळणाऱ्यांनी आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

पर्णरंध्र (परभणी)
८ फेब्रुवारी, रात्री ११:३५

बालाघाट, तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि ते केवळ तुमच्या बांधापुरते नाही. जगातील अनेक वनांत खोडाच्या वलयांचे मोजमाप झाले, तेव्हा तीव्र दुष्काळानंतर पाऊस पूर्ववत झाला तरी झाडांची वाढ १ ते ४ वर्षे मंदावलेलीच राहते, असे दिसून आले. दुष्काळ संपल्याची नोंद आपण धरणाच्या पातळीवरून करतो. झाडाच्या शरीरात तो त्यानंतरही बराच काळ चालू असतो.

याचे कारण समजून घ्यायचे तर पाणी झाडावर कसे चढते, इथून सुरुवात करावी लागेल. मुळे पाणी वर ढकलतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पानांतून बाष्प बाहेर पडते आणि त्या ओढीने पानापासून मुळापर्यंतचा पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून हा स्तंभ तुटत नाही. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही वनस्पतिशास्त्र तिच्यावरच उभे आहे. जमीन कोरडी पडू लागली की दोर दोन्हीकडून ओढल्यासारखी या स्तंभावरची ओढ वाढते आणि एका मर्यादेनंतर तो तुटतो. त्या जागी हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती जलवाहिनी, म्हणजे लाकडातली पाणी नेणारी सूक्ष्म नळी, निकामी होते. अशा तुटण्याचे सूक्ष्म आवाज संवेदनशील यंत्रांनी नोंदवले गेले आहेत. आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत, पण कडक उन्हाळ्यात शांत वाटणाऱ्या झाडाच्या आत हे घडत असते, हे कळल्यापासून मी वैशाखातल्या झाडाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

हे टाळण्यासाठी झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटून घेते. पाण्याचा ताण जाणवताच अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्याने ती मिटतात. मात्र याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असल्यामुळे ती मिटली की अन्न तयार होणेही थांबते. उघडी ठेवली तर तहानेने मरण आणि मिटली तर उपासमार, अशा पेचात झाड सापडते. दुष्काळ लांबला की ते खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिठूळ द्रव्यावर, म्हणजे स्टार्चवर, गुजराण करते.

तुमच्या आंब्यांनी २०१४ ते २०१६ या काळात ही साठवण बहुधा जवळजवळ संपवली असावी. पाऊस आला तेव्हा त्यांच्यापुढे निकामी झालेल्या लाकडाऐवजी नवे लाकूड करणे, मेलेल्या बारीक मुळांच्या जागी नवी मुळे फोडणे आणि गळालेली पाने पुन्हा आणणे, अशी तिन्ही कामे एकदमच उभी राहिली आणि कोठार रिकामे होते. त्यातच २०१८चा पावसाळा पुन्हा दगा देऊन गेला. अशक्त झाडावर कीड लवकर बसते. वाळलेल्या खोडांवर बोटाएवढी छिद्रे आणि खाली लाकडाचा भुसा दिसला होता का? तसे असेल तर ती भिरूड आहे. लोक तिलाच मरणाचे कारण समजतात, पण माझ्या मते ती शेवटी येते.

मोसंबीचा मळा (अंबड, जि. जालना)
९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

सरांनी सांगितलेले शास्त्र आम्ही मोसंबीवाले दरवर्षी हाताने करतो, फक्त आमचा शब्द 'ताण' असा आहे. मोसंबीचा आंबे बहार, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला येणारे फूल, घ्यायचा असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर पाणी तोडतो. पाने मलूल होतात, थोडी पानगळ होते, झाडाची वाढ थांबते आणि अन्नाचा साठा फांद्यांत राहतो. मग खत घालून हळूहळू पाणी सुरू केले की जानेवारी-फेब्रुवारीत फूल निघते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. ताण कमी पडला तर फूल नीट निघत नाही आणि जास्त झाला तर फांद्या वाळतात. ताण किती बसला हे कोणत्याही यंत्रापेक्षा पानाच्या रंगावरून कळते, आणि ते कळायला मला बारा वर्षे लागली.

याच कारणाने मला बालाघाट यांच्या प्रश्नात एक गोष्ट विचाराविशी वाटते. मरण्यापूर्वीच्या वर्षी त्या झाडांना मोहोर फार आला होता का? आमच्या भागात २०१२-१३ मध्ये विहिरी आटल्या आणि मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, कित्येकांना त्या तोडून टाकाव्या लागल्या. माझी अर्धी बाग टँकरवर कशीबशी वाचली. पुढच्या बहाराला त्या झाडांना इतके फूल आले की पाने दिसेनात. शेजारी आनंदाने पाहायला येत होते. माझ्या वडिलांना मात्र ते पाहून भीती वाटली. ते म्हणाले, हे फूल ठेवू नकोस, झाड जाईल. मी निम्म्या ओळींतील फळे लहान असतानाच काढून टाकली आणि फांद्यांची हलकी छाटणी केली. उरलेल्या ओळींत लोभाने फळ धरले. दोन वर्षांनी फळ धरलेल्या ओळींत पानपिवळी आणि डिंक्याने झाडे जाऊ लागली. फळे काढलेल्या ओळी आजही उभ्या आहेत.

खुंटाचाही, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचाही, फरक पडला. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमे जंबेरीवरच्या कलमांपेक्षा माझ्या बागेत जास्त तगली. वर मोसंबी सारखीच असते, पण पाणी शोधायचे काम खालच्या मुळाचे असते.

बालाघाट (केज, जि. बीड)
९ फेब्रुवारी, दुपारी १:०५

दादा, तुम्ही विचारले आणि मी घरी आईला विचारून आलो. २०१७च्या माघात विहिरीजवळच्या आंब्याला इतका मोहोर आला होता की तिने त्याच्याखाली चादरी अंथरून ठेवल्या होत्या. कैऱ्याही भरपूर लागल्या. ते झाड त्याच पावसाळ्याअखेर गेले. तो मोहोर सुधारणेचे लक्षण आहे अशी आम्हा सर्वांची समजूत होती. छिद्रे आणि भुसा तीन झाडांवर निश्चितपणे होता.

रामलिंग (येडशी, जि. धाराशिव)
९ फेब्रुवारी, रात्री ८:४०

या धाग्यामुळे माझ्या मनातला एक जुना प्रश्न वर आला. मी येडशीजवळ राहते. घाटात चैत्र लागला की पाऊस पडून सहा महिने झालेले असतात, ओढे कोरडे असतात, जमिनीला भेगा पडलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी पिंपळ, कडुलिंब, करंज यांना तांबूस-पोपटी पालवी फुटते. पाण्याच्या ताणाने झाडे पाने गाळतात हे समजले. परंतु पाण्याची सर्वांत जास्त टंचाई असताना नवी पाने आणण्याचे धाडस ती कशाच्या बळावर करतात? शाळेत मुले हे विचारतात आणि मला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

पर्णरंध्र (परभणी)
१० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही बराच काळ कोड्यात टाकले होते. आशिया खंडातील मोसमी वनांचा हा विरोधाभासच मानला जातो. कोरड्या वनांच्या अभ्यासातून त्याचा जो उलगडा झाला आहे, तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण मराठवाड्यातील झाडे समजून घेण्याची किल्ली मला त्यातच दिसते.

जुने पान दुष्काळात पाणी अडवून धरू शकत नाही, त्यातून थोडे ना थोडे पाणी झिरपतच राहते. झाडाने ते पान टाकले की पाणी बाहेर जाण्याची वाट बंद होते, पण मुळे खोलवर मुरमाच्या किंवा फुटलेल्या काळ्या पाषाणाच्या ओलीत असतात आणि पाणी घेत राहतात. काही आठवड्यांत खोड पुन्हा पाण्याने भरते. पानगळ ही झाडाने हार मानल्याची खूण नव्हे, ती पालवीची तयारी असते. त्यानंतर मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला की तो इशारा घेऊन अनेक जाती पालवतात. दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते, म्हणूनच चैत्रपालवी पावसासारखी पुढेमागे होत नाही. पाऊस येईल तेव्हा पाने पूर्ण वाढून कामाला तयार असतात आणि पावसाळ्याचा पहिला दिवसही वाया जात नाही.

सगळी झाडे एकाच पद्धतीने वागत नाहीत. काटेसावर, पांगारा, सालई यांचे लाकूड मऊ आणि हलके असते. ते खोडातच पाणी साठवतात आणि भर उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण अवस्थेत फुलतात. धावडा आणि अंजन यांचे लाकूड कठीण, साठवण कमी, पण त्यांच्या जलवाहिन्या फार मोठी ओढ सहन करतात. बाभूळ, हिवर, बोर यांनी बारीक पाने आणि काटे यांची वाट धरली आहे. निवडुंग आणि कोरफड दिवसा छिद्रे मिटून ठेवतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात.

आता चिंतेचा भाग. चैत्रपालवीचा सगळा हिशेब खोल जमिनीतल्या ओलीवर उभा आहे. दिवसाच्या लांबीचा इशारा बदलत नाही, पण खालची ओल बदलली आहे. बोअर खोल गेले आणि पाणी त्याच्याही खाली गेले. झाड इशाऱ्याप्रमाणे पालवते आणि खाली काही नसते. गेल्या काही वर्षांत परभणीच्या आसपास पालवी फुटून पंधरा दिवसांत करपलेली करंजाची झाडे मी पाहिली आहेत. लहानपणी असे पाहिल्याचे मला स्मरत नाही.

सहस्रकुंड (किनवट, जि. नांदेड)
१० फेब्रुवारी, रात्री ९:२५

आमच्याकडे सागाचे वन आहे, त्यामुळे पानगळीविषयी थोडे लिहितो. पाऊस लवकर गेला की साग लवकर उघडा पडतो, हे इथला प्रत्येक गुराखी सांगेल. सागाच्या खोडात दरवर्षीचे वलय स्पष्ट उमटते आणि पावसाच्या कमी-अधिकपणानुसार ते अरुंद किंवा रुंद होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या अशा वलयांवरून जुन्या काळातील पावसाचा अंदाज घेण्याचे काम झाले आहे. जिथे पर्जन्यमापक नव्हते तिथली नोंद झाडाने ठेवली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण मोठ्या झाडांपेक्षा मला रोपांविषयी सांगायचे आहे. साग, पळस, टेंभुर्णी यांची रोपे पहिली काही वर्षे दर उन्हाळ्यात जमिनीपासून वर पूर्ण वाळतात. पाहणाऱ्याला रोप मेले असे वाटते. खाली मूळ जिवंत असते. पावसाळ्यात त्यातून पुन्हा कोंब येतो, पुन्हा उन्हाळ्यात वाळतो, आणि दरम्यान मूळ जाड व खोल होत जाते. ते पुरेसे बळकट झाले की एका वर्षी कोंब वाळत नाही आणि तिथून झाड वर निघते. या काळात वणवा लागला, जनावरांनी कोंब पुन्हा पुन्हा खाल्ला किंवा लागोपाठ दोन-तीन पावसाळे चुकले तर मुळाची साठवण संपते. जुनी झाडे उभी असतात म्हणून वन ठीक आहे असे वाटते. खाली वाकून पाहिले तर दहा-पंधरा वर्षे वयाची झाडेच सापडत नाहीत. हवामान बदलाचा घाव सर्वांत आधी इथे बसतो आणि तो लांबून दिसत नाही.

मालदांडी (परंडा, जि. धाराशिव)
११ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

झाडांची चर्चा चालू आहे, परंतु ताणाला उत्तर देण्यात ज्वारीसारखा जाणता गडी नाही, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. रब्बी ज्वारी आम्ही काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर काढतो. वरून पाऊस जवळजवळ नसतो. ताण पडला की ज्वारी पाने गुंडाळते, ताटावर पांढरी मेणासारखी पूड धरते आणि वाढ थांबवून वाट पाहते. ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. मका अशा वेळी हात टेकतो. ताण असतानाही ज्या वाणाची पाने दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात, तो वाण दुष्काळात दाणा देतो. पैदासकार या गुणाचा मुद्दाम शोध घेतात.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. पावसाने ओढ दिल्यामुळे खुंटलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर किराळ लागते आणि जनावर दगावते. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. त्यापासून जनावराच्या पोटात विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. ताणात वाढ खुंटली की या द्रव्याचे प्रमाण वाढते. आजोबा फुलोऱ्यापूर्वी जनावर ज्वारीत शिरू देत नसत. दुष्काळात चारा नसतो, म्हणून नेमक्या त्याच वर्षी जनावर तिकडे सुटण्याची शक्यता जास्त असते. हे नव्या पिढीला माहीत असावे म्हणून लिहिले.

माळरान (जालना)
११ फेब्रुवारी, रात्री १०:००

सर्वांचे लेखन वाचून शिकायला मिळाले. एक शंका आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने वनस्पतींची वाढ चांगली होते आणि त्यांना पाणी कमी लागते, असे वाचनात येते. उपग्रहांच्या चित्रांत भारत पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो असेही सांगतात. तसे असेल तर हवामान बदल झाडांच्या पथ्यावर पडत नाही का? मी वाद घालण्यासाठी विचारत नाही, मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पर्णरंध्र (परभणी)
१२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

शंका रास्त आहे आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते, आज ते ४२०च्या वर आहे. वायू मुबलक असेल तर झाड पर्णरंध्रे कमी उघडूनही तेवढेच अन्न तयार करू शकते, म्हणजे पाण्याची बचत होते. तूर, हरभरा, सोयाबीन, आंबा, कडुलिंब यांना हा लाभ अधिक मिळतो. ज्वारी, मका, ऊस यांच्याकडे हा वायू पानात एकवटण्याची स्वतंत्र यंत्रणा आधीपासूनच आहे, त्यामुळे त्यांना तो कमी मिळतो.

परंतु हाच वायू तापमानही वाढवतो. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हवा अधिक तहानलेली होते आणि पानातून पाणी अधिक जोराने ओढून घेते. पावसाचा आकडा तोच राहिला तरी झाडाचा पाण्याचा खर्च वाढतो. मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशात माझ्या मते हीच बाजू भारी ठरते. शिवाय अधिक कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गहू, तांदूळ आणि कडधान्यांच्या दाण्यांत जस्त आणि लोह कमी आढळले आहे.

उपग्रहांविषयी म्हणाल तर २००० ते २०१७ या काळात भारताची हिरवाई वाढली हे खरे आहे, परंतु त्या वाढीत सुमारे ८२ टक्के वाटा शेतीचा होता. सिंचनाखाली दोन-तीन पिके घेतली की उपग्रहाला शिवार हिरवेच दिसणार. ते पाणी ज्या बोअरमधून आले, त्या बोअरने बांधावरच्या झाडाच्या मुळाखालची ओल नेली, हे उपग्रहाच्या हिरव्या रंगातून कळत नाही.

पाऊस पडण्याची रीत बदलली आहे, ती बाब वेगळीच. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि २०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडे शिवारे पाण्याखाली गेली. पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरतात. तूर पाण्यात उभी राहून वाळते ती याचमुळे. बालाघाट, तुमची चार झाडे भरपूर पावसाच्या वर्षांत गेली, त्यात दुष्काळाने अर्धमेल्या मुळांवर साचलेल्या पाण्याचा घाव बसला असण्याची दाट शक्यता आहे.

मोसंबीचा मळा (अंबड, जि. जालना)
१२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

बालाघाट, एक साधी बाब विचारतो. बांधालगत नांगरट बुंध्यापासून किती अंतरावर करता? आणि बैलाने की ट्रॅक्टरने?

बालाघाट (केज, जि. बीड)
१२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

हा प्रश्न वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. २०१६च्या उन्हाळ्यात चारा नसल्याने बैल विकले. त्यानंतर दर उन्हाळ्यात भाड्याच्या ट्रॅक्टरने पलटी नांगर लावतो. क्षेत्र वाया जाऊ नये म्हणून बांधाला अगदी घासून, बुंध्यापासून तीन-चार हातांवर. बैलांच्या नांगराला झाडाजवळ वळायला जागा लागत असे, म्हणून वडील झाडाभोवती बरीच जमीन सोडत. मी आज जाऊन वाळणाऱ्या फाट्याच्या बाजूची माती उकरली. मनगटाएवढी दोन मुळे तुटलेली सापडली आणि त्यांची टोके काळी पडून कुजली आहेत. फाटा पूर्वेचा आणि तुटलेली मुळेही पूर्वेचीच. पश्चिमेला ओढा आहे, तिकडे नांगर जात नाही.

पर्णरंध्र (परभणी)
१२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

तुम्ही उकरून पाहिले हे फार चांगले केले. पाणी आणि अन्नरस घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. एकीकडच्या मुळांचा संबंध बऱ्याचदा त्याच बाजूच्या फांद्यांशी अधिक असतो, म्हणून पूर्वेचा फाटा आधी वाळला असावा. काळी जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते तेव्हा बारीक मुळे आपोआपच तुटतात. त्याच महिन्यांत नांगराचा घाव बसला की दुष्काळातून सावरण्यासाठी झाडाने फोडलेली नवी मुळे दरवर्षी कापली जातात. कापलेल्या जागेतून बुरशीही शिरते. दुष्काळ, कीड आणि साचलेले पाणी यांविषयी मी वर लिहिले ते मागे घेत नाही, परंतु मळेवाल्यांनी विचारले ते मी आधी विचारायला हवे होते.

स्वतःला दोष देत बसू नका. ट्रॅक्टर सर्वांकडेच आला आणि मुळे कोणालाच दिसत नाहीत. आता फांद्यांच्या घेराखाली नांगर पूर्ण थांबवावा, तिथे उसाचे पाचट किंवा तुरीचा भुसा हातभर रुंदी बुंध्यापासून सोडून पसरावा, पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून ओढ्याकडे चर काढावा. यंदाचा मोहोर निम्मा तरी खुडावा. वाळलेला फाटा लगेच तोडण्याची घाई करू नये. चाकूने सालीचा अगदी लहान तुकडा काढून पाहावा, आत हिरवे असेल तर चैत्रापर्यंत थांबावे.

सहस्रकुंड (किनवट, जि. नांदेड)
१३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

गेलेल्या सहा झाडांच्या जागी नवी लावणार असाल तर एक विनंती आहे. पिशवीतले मोठे रोप आणू नका. पिशवीत सोटमूळ तळाशी गुंडाळते आणि जमिनीत गेल्यावरही ते सरळ खाली जात नाही. अशी उंच, देखणी रोपे पहिल्या दोन चांगल्या पावसाळ्यांत टिकतात आणि तिसऱ्या कोरड्या वर्षी जातात. मी एका मोठ्या वृक्षलागवडीत काम केले होते. तिथे जगलेल्या रोपांची मोजणी पहिल्याच वर्षी संपली आणि त्यानंतर काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही, याची खंत मला अजून वाटते. तुमच्या आजोबांनी कोय जागेवरच लावली होती, तीच पद्धत योग्य होती. जागेवर उगवलेल्या कोयीचे मूळ पहिल्या दिवसापासून खाली जाते. गावरान कोय आधी वाढू द्या आणि केसर हवा असेल तर दोन-तीन वर्षांनी जागेवरच कलम करा. पहिले दोन उन्हाळे मडक्याने पाणी द्यावे लागेल. बांधाच्या मुरमाड टोकाला आंब्याऐवजी चिंच, बोर किंवा अंजन चांगले राहील.

माळरान (जालना)
१३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

गिरिपुष्प लावावे का? ते फार लवकर वाढते.

सहस्रकुंड (किनवट, जि. नांदेड)
१३ फेब्रुवारी, दुपारी २:००

हिरवळीच्या खतासाठी बांधावर जरूर लावा, त्याचा पाला उत्तम आहे. आंब्याच्या जागी मात्र नको.

रामलिंग (येडशी, जि. धाराशिव)
१४ फेब्रुवारी, रात्री ८:१५

पर्णरंध्र सरांचे उत्तर मी वर्गात वाचून दाखवले. मुलांनी शाळेभोवतीची नऊ झाडे निवडली आहेत आणि शेवटचे जुने पान कधी गळाले, पहिली पालवी कधी दिसली, ती टिकली की करपली, हे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायला सुरुवात केली आहे. पळसाची फुले उमलल्याची पहिली नोंद काल झाली. ही नोंद दरवर्षी ठेवण्याचा आमचा विचार आहे.

बालाघाट (केज, जि. बीड)
१५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

आज सकाळी वडिलांना घेऊन बांधावर गेलो. वाळणाऱ्या फाट्याची साल तीन ठिकाणी काढून पाहिली. शेंड्याकडे तपकिरी आणि कोरडी आहे, मध्ये पिवळसर आहे, बुंध्याजवळ मात्र ओली आणि हिरवी आहे. शेंडा सोडून बाकी फाटा ठेवला आहे. पाचही झाडांभोवती फांद्यांच्या घेराएवढी खुणेची दगडी ओळ घातली, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला वेगळे सांगावे लागणार नाही. त्यात साधारण दोन गुंठे जमीन पेऱ्यातून जाते. मोहोर खुडताना आई झाडाखाली उभी होती. तिने काही म्हटले नाही, फक्त खुडलेला मोहोर पदरात गोळा केला. गुढीपाडव्यानंतर पालवी फुटली की नाही ते इथे कळवतो.